भुसा काही संपत नाही: बाल्कनीतल्या सुतारकामाचा कचरा आणि परत परत येणारी तक्रार

गेली साडेतीन वर्षं मी पुण्यात कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत सुतारकाम करतोय, पाट, चौरंग, शू रॅक, मुलीचं स्टडी टेबल असली घरगुती कामं, आणि या सगळ्या काळात एकच प्रॉब्लेम दर महिन्याला नव्या रूपात समोर यायचा, तो म्हणजे भुसा आणि उरलेले तुकडे. पिशवी भरायची, कुठेतरी द्यायची, आठ दिवसांनी तिथून तक्रार यायची, मग दुसरीकडे द्यायची. मी प्रत्येक तक्रारीला वेगळा प्रॉब्लेम समजत होतो आणि वेगळा उपाय करत होतो, म्हणून काही सुटत नव्हतं. आता सात-आठ महिने झाले, एकही तक्रार नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण घरी काम करणाऱ्या बहुतेकांना हेच सगळं याच क्रमाने भोगावं लागतं असं मी बघितलंय.

आधी तक्रारी काय काय होत्या ते सांगतो, म्हणजे तुमची कुठली आहे ते कळेल.

पहिली खालच्या काकूंची. एप्रिल महिना, त्यांनी बाल्कनीत प्लास्टिक अंथरून कुरडया घातलेल्या, आणि मी वरती एमडीएफला, म्हणजे लाकडाचा भुगा गोंदात दाबून केलेल्या बोर्डला, सँडर (घासायचं मशीन) लावलेला. एमडीएफची धूळ म्हणजे मैद्यासारखी, दिसतसुद्धा नाही, तरंगत तरंगत खाली जाते. काकू वर आल्या, हातात एक कुरडई, त्यावर बोट फिरवून मला दाखवलं, बोटावर फिकट तपकिरी थर. "अरे, तीन दिवसांचा गव्हाचा चीक आहे रे हा," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, चीक काढायचा, पहाटे उठून शिजवायचा, ते सगळं माझ्यामुळे फेकावं लागलं.

दुसरी कचरा घेणाऱ्या ताईंची. मी भुसा, तुकडे, सनमायकाच्या पट्ट्या, घासून संपलेला पॉलिश पेपर, सगळं एकाच काळ्या पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात देत होतो. एक दिवस ताई म्हणाल्या, "दादा, तुमची पिशवी सोडली की सगळं डोळ्यात जातं, आणि काल त्यातल्या पट्टीने हात कापला." बोटाला चिंधी बांधलेली होती. पिशवी बांधून दिली की आपलं काम झालं असं आपल्याला वाटतं, पण पुण्यात सुका कचरा कुणीतरी हाताने सोडवतं, निवडतं, त्यातलं विकण्यासारखं बाजूला काढतं, त्यावर त्या बायकांचं घर चालतं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ मध्ये याच शहरात उभी राहिली आणि घरोघर कचरा घेणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था त्यातूनच पुढे आली. म्हणजे आपली पिशवी कुणाच्या हातात जाते हे पुणेकरांना माहीत नाही असं नाही, मी विचार केला नव्हता एवढंच खरं.

तिसरी तक्रार सोसायटीच्या खतखड्ड्याची, चौथी वॉचमन काकांच्या शेकोटीची, आणि पाचवी तक्रार नव्हती, ती आग लागता लागता राहिली होती. त्या तिन्ही पुढे येतीलच.

मूळ चूक कुठे होती

भुसा म्हणजे एकच वस्तू आहे असं मी धरून चाललो होतो. तसं नाहीये. माझ्या बाल्कनीतून तीन पूर्ण वेगळे माल निघतात आणि तिघांचा रस्ता वेगळा आहे.

एक, अस्सल लाकडाचा भुसा, म्हणजे साग, आंबा, बाभूळ, पॅकिंगच्या खोक्यातलं पाइन, ज्याला रंग-पॉलिश काही लागलेलं नाही. हा मातीत जाऊ शकतो, कुणाच्या उपयोगी पडू शकतो.

दोन, प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांचा भुसा. यात लाकडाबरोबर गोंद असतो, आयएस ३०३ या भारतीय मानकाच्या साध्या एमआर ग्रेड (ओलावा सहन करणाऱ्या) प्लायमध्ये साधारणपणे युरिया फॉर्मल्डिहाइड आणि आयएस ७१० च्या मरीन प्लायमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइड. हा मातीत घालायचा नाही, जाळायचा नाही, जनावराखाली अंथरायचा नाही.

तीन, पॉलिश, लॅकर, लांबी (पुट्टी), तेल लागलेलं सगळं. घासून निघालेली पूड, फडकी, ब्रश, डबे.

हे तीन एकदा एका पिशवीत पडले की जगातला कुणी माणूस ते परत वेगळे करू शकत नाही, चहात दूध पडल्यासारखं आहे ते. आणि मिसळलं की सगळ्या पिशवीला त्यातल्या सगळ्यात वाईट मालाचा नियम लागतो. मी महिनाभर कष्टाने जमवलेला सागाचा चांगला भुसा शेवटच्या दिवशी प्लायचे दोन कट मारून घालवत होतो.

म्हणून जो उपाय मला खरा लागू पडला तो अगदी साधा आहे, एका दिवशी एकच माल. शनिवारी प्लाय कापायचं ठरलं तर शनिवारी फक्त प्लाय, रविवारी लाकूड तर फक्त लाकूड, मध्ये एकदा झाडून पुसून डबा बदलायचा. डब्यांवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय, लाकूड, बोर्ड, पॉलिश. सुरुवातीला फार कटकट वाटली कारण काम करताना हात चालू असतो आणि "हा एक छोटासा कट" मारायचा मोह होतो, पण दोन महिन्यांत सवय झाली, आणि कामाचं प्लॅनिंगही आपोआप सुधारलं कारण सगळे प्लायचे कट एकदम मारायचे म्हटल्यावर कटिंग लिस्ट आधीच पक्की करावी लागते.

व्हॅक्यूम दहा मिनिटांत ओढायचा बंद होतो त्याचं काय

हे जवळजवळ प्रत्येकाला होतं. नवीन वेट अँड ड्राय व्हॅक्यूम आणतो, सँडरला पाइप जोडतो, पहिल्या दिवशी मस्त, आणि मग दर दहा मिनिटांनी ओढ कमी. माणूस मोटरला दोष देतो, मी पण दिला, पण मोटर चांगली असते, फिल्टरच्या घड्यांवर बारीक पिठाचा थर बसलेला असतो आणि हवाच आत जात नाही. फिल्टर झटकायचा, परत लावायचा, परत दहा मिनिटं. आणि तो झटकताना सगळी धूळ आपल्याच नाकात.

उपाय म्हणजे मशीन आणि व्हॅक्यूम यांच्या मध्ये सायक्लोन बसवणं. प्लास्टिकचं नरसाळ्यासारखं भांडं असतं, हवा त्यात बाजूने शिरते आणि गरगर फिरते, जड कण बाहेरच्या भिंतीला फेकले जाऊन खाली डब्यात पडतात आणि बरीचशी स्वच्छ झालेली हवा मधल्या नळीतून व्हॅक्यूमकडे जाते. ऑनलाइन मिळतं. माझा फिल्टर आता दोन-तीन महिन्यांतून एकदा झटकावा लागतो.

दोन गोष्टी मात्र मी चुकवल्या त्या तुम्ही चुकवू नका. पहिलं म्हणजे मी खाली डिस्टेंपरची रिकामी बादली लावली होती, पाइप तुंबला तशी ती ओढीने फटकन आत चेपली आणि झाकण उडालं. जाड भिंतीचा ड्रम घ्या किंवा बोहरी आळीत पत्र्याचा गोल डबा बघा, गोल भांडं ओढ सहन करतं. दुसरं म्हणजे झाकणातून हवा शिरता कामा नये, अगदी बारीक फट राहिली तरी खाली पडलेला भुसा परत उचलला जातो आणि सरळ फिल्टरवर जातो, लोक म्हणतात सायक्लोन चालतच नाही, तर आधी झाकणाला रबराची पट्टी लावून बघा. डबा दोन तृतीयांश भरला की रिकामा करा, त्याच्या वर गेला की सगळं वरती ओढलं जातं.

आणि मास्क, एन९५, साधा कापडी नाही. लाकडाच्या धुळीला आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, १९९५ मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, नाक आणि सायनसचा कर्करोग, आणि वरच्या गोंदांतलं फॉर्मल्डिहाइडही २००४ पासून त्याच गटात आहे. ही यादी वर्षानुवर्षं रोज धूळ खाणाऱ्या कामगारांवरच्या अभ्यासातून आली आहे, आपलं काम आठवड्यातून दोन दिवसांचं, पण घरात लहान मूल असेल तर त्याने बाल्कनीच्या दारात बसून बघू नये एवढं तरी पाळाच.

मुळात धूळच कमी करायची

सगळ्यात जास्त फरक मला मशीनने नाही, रंध्याने पडला. सँडर लाकडाचं पीठ करतो आणि ते पीठ कुणालाही नको असतं. धार लावलेला रंधा त्याच लाकडाच्या लांब कुरळ्या पट्ट्या काढतो, त्या उडत नाहीत, पायाशी पडतात, झाडूने दोन मिनिटांत गोळा होतात, आणि त्यांना गिऱ्हाईक पण असतं. सागाच्या पाटावर रंधा मारताना ती पातळ पट्टी वर येते, उजेडात धरली तर पलीकडची बोटं दिसतात, तिचा तो चामड्यासारखा तेलकट वास, त्यानंतर सँडर फक्त शेवटच्या हाताला पाच मिनिटं लागतो. जुन्या बाजारात, मंगळवार पेठेत, बुधवारी आणि रविवारी जुने लोखंडी रंधे मिळतात, गंजलेले असतात, पण पात्याचं पोलाद चांगलं असेल तर एक दुपार घासून कामाला लागतात.

प्लाय आणि एमडीएफला रंध्याचा फारसा उपयोग नाही, तिथे दुसरा मार्ग, घरी कट कमी मारायचे. थोडा हिशोब केला मी. साधं सर्क्युलर सॉचं ब्लेड साधारण ३ मिलिमीटर खातं. १८ मिलिमीटर जाडीच्या शीटमधून ५० फूट कट मारले, आणि एक शू रॅक म्हटलं तर तेवढे होतातच, तर ८०० घनसेंटिमीटरहून जास्त प्लाय नुसता भुसा होऊन जातो, वजनात जवळजवळ अर्धा किलो, आणि सुटा फुगलेला भुसा मोजला तर दोन-अडीच लिटर. ब्लेड १.८ मिलिमीटरचं लावलं तर हेच चाळीस टक्के कमी होतं. त्याहून सोपं म्हणजे टिंबर मार्केटला, भवानी पेठेत, किंवा जवळच्या मोठ्या प्लायवाल्याकडे पॅनल सॉ, म्हणजे अख्खं शीट कापायचं मोठं मशीन, असेल तर कटिंग लिस्ट देऊन तिथेच कापून आणा, फूटावर पैसे घेतात, कडा आपल्यापेक्षा सरळ येतात, आणि भुसा बाल्कनीत येतच नाही. मी आता एमडीएफ घरी कापतच नाही. काकूंच्या कुरडयांनंतर बंद.

आणि वेळ. वाळवणाच्या दिवसांत, म्हणजे मार्च ते मे, मी आधी काकूंना विचारतो आज काही घातलंय का. दुपारी एक ते चार मशीन बंद, ते तर पुण्यात सांगायलाच नको.

खतखड्डा अडला होता

आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचे दोन खड्डे आहेत. कुणीतरी सांगितलं की भुसा खताला चांगला, म्हणून मी महिनाभर पोती ओतली. खड्डा थंड पडला. दोन महिने झाले तरी भाजीची देठं तशीच, वरती भुशाची ओली ढेकळं, फोडली की आतून आंबट कुबट वास. आणि ज्यांनी त्यातलं अर्धवट खत कुंड्यांत घातलं त्यांची झाडं पिवळी पडली. जास्वंदाची खालची पानं आधी पिवळी, मग गळती. सगळे म्हणाले भुशात विष आहे. प्लायचा होता त्यापुरतं खरंच होतं, पण झाडं पिवळी पडायचं कारण वेगळं आहे आणि ते समजलं की खड्डा सुधारतो.

कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही लागतात, साधारण पंचवीस-तीस भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन असं प्रमाण त्यांना मानवतं. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात हे प्रमाण वीसच्या आसपास किंवा कमीच असतं, म्हणजे नायट्रोजन भरपूर, म्हणून नुसता ओला कचरा घाण वास मारतो. लाकडाच्या भुशात तेच प्रमाण तीनशे-चारशेच्या वर. म्हणजे भुसा म्हणजे जवळजवळ नुसता कार्बन. थोडा घातला तर वास जातो, जास्त घातला तर जिवाणूंना नायट्रोजन पुरत नाही, काम थांबतं, आणि असं अर्धकच्चं खत कुंडीत गेलं की ते जिवाणू मातीतला नायट्रोजन ओढून घेतात आणि झाड उपाशी राहतं. म्हणून पान पिवळं.

मग किती घालायचा? मी बऱ्याच चुका करून या आकड्यावर आलोय, एक किलो ओल्या कचऱ्याला साधारण शंभर ग्रॅम कोरडा भुसा, म्हणजे अर्धा लिटरच्या डब्याने एक डबा. त्याहून जास्त नाही. नुसता बारीक भुसा चिकटून बसतो आणि हवा अडवतो, म्हणून त्यात रंध्याच्या पट्ट्या किंवा सुकी पानं मिसळायची, थर लावून नाही, हाताने कालवून. आधीच अडलेला खड्डा असेल तर भुसा पूर्ण बंद करा, शेणाचा काला किंवा आंबट ताक घाला, भुईमुगाची पेंड मिळाली तर दोन मुठी, आणि खालीवर करा. आमचा खड्डा पाचव्या दिवशी परत गरम झाला, हात घातला तर कळत होतं. पिवळ्या कुंड्यांना शेणखताचं पाणी दिलं, नवीन पानं हिरवी आली.

साग आणि कडुनिंब कुजायला फार वेळ घेतात, मुळात ती लाकडं टिकतात ती त्याच कारणाने, तेव्हा त्यांचा भुसा निम्म्याने कमी धरा. आणि पावसाळ्याआधी साठा संपवा. जूनमध्ये माझ्याकडे दोन पोती होती, ऑगस्टमध्ये उघडली तर आत पांढरी बुरशी आणि चिलटं.

तेलाची फडकी, हे नीट वाचा

मुलीच्या टेबलाला मी अळशीचं तेल लावलं. दोन हात दिले, जुन्या बनियनच्या चिंध्यांनी पुसलं, चिंध्या चुरगाळून भुशाच्या पिशवीत टाकल्या, पिशवीला गाठ, जेवायला गेलो. दोन-अडीच तासांनी बाल्कनीत गेलो तर जुन्या तळणीच्या तेलासारखा वास. वाटलं शेजारी काहीतरी तळतायत. पिशवी हलवायला हात लावला तर गरम, पोळ्यांचा डबा बाहेरून लागतो तशी नाही, चटका बसेल एवढी. गाठ सोडली तर मधल्या चिंध्या तपकिरी झालेल्या आणि धूर यायला लागला. बादलीभर पाणी ओतलं. शेजारीच थिनरची बाटली होती.

आत मुलगी झोपली होती. अजून तो वास आठवला की पोटात गोळा येतो.

कारण असं की अळशीचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. फडकं पसरलेलं असेल तर ती उष्णता हवेत निघून जाते, कळतही नाही. चुरगाळून दाबलं तर आतच साठते, आणि भोवती भुसा असेल तर ती गोधडी पांघरल्यासारखी साठतच जाते, मग कुणी काडी न लावता पेट घेते. ही काही ऐकीव भीती नाही, अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये २३ फेब्रुवारी १९९१ ला वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत २२व्या मजल्यावर अशाच अळशीच्या तेलाच्या फडक्यांनी आग लागली आणि अग्निशमन दलाचे तीन जवान गेले.

तयार मिळणारं टीक ऑइल, डॅनिश ऑइल, यांच्यातही बहुतेक वेळा असंच वाळणारं तेल असतं, डबा वाचा. खोबरेल तेल असं वाळत नाही. माझी पद्धत आता अशी, काम संपलं की हात धुवायच्या आधी फडकी. एकेक फडकं बाहेरच्या दोरीवर सुटं सुटं, घडी न घालता, चिमटा लावून, दोन-तीन दिवस, पापडासारखं कडक होईपर्यंत. जागा नसेल किंवा पाऊस असेल तर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवून. भुशाच्या डब्याजवळ कधीच नाही.

थिनरचं थोडक्यात, बेसिनमध्ये ओतू नका. ब्रश धुतलेलं थिनर बाटलीत झाकून ठेवा, आठवड्यात गाळ खाली बसतो, वरचं निवळ परत ब्रश धुवायला चालतं, गाळ कागदावर उघड्यावर सुकवायचा. रंगाचे-पॉलिशचे डबे घनकचरा नियमांप्रमाणे साध्या सुक्या कचऱ्यात देता येत नाहीत, ते वेगळे बांधून, वर लिहून द्यायचे.

शेकोटी

हिवाळ्यात वॉचमन काका माझे तुकडे शेकोटीला नेत होते आणि मला वाटत होतं चांगलंच आहे, कुणाला तरी ऊब मिळतेय. एकदा रात्री अकराला खाली गेलो तर धुराला आंबूस झोंबणारा वास, काकांचे डोळे लाल, खोकतायत. आगीत बघितलं तर प्लायचे तुकडे आणि सनमायका, फसफस करत फुगत होती. गोंदाचा आणि प्लास्टिकचा धूर तो माणूस रोज रात्री माझ्यामुळे घेत होता. त्याच रात्री ते सगळं उचललं. काकांना आता हीटरची सोय सोसायटीने केली आहे, फार आधीच व्हायला हवी होती. होळीलाही पोरं तुकडे मागायला येतात, प्लाय-बोर्ड देऊ नका, हात जोडून नाही म्हणा. कुणाकडे अजून बंब असेल तर त्यांना फक्त बिनरंगाचं अस्सल लाकूड.

माझी आजी भुशाच्या शेगडीवर पाणी तापवायची, मधोमध बाटली उभी करून भोवती भुसा ठासायचा आणि बाटली अलगद काढून घ्यायची, मग खालून पेटवायचं, तासनतास जळायची. बऱ्याच जणांना ते आठवतं आणि ते मला विचारतात तसं का नाही करत. आजीकडे येणारा भुसा वखारीतला होता, त्यात गोंद नव्हता. आत्ताच्या मिस्त्रींकडून आणलेल्या पोत्यात नव्वद टक्के बोर्ड असतं.

वस्तू दाखवताना तुकडेपण दाखवा

मी शू रॅकचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता, सगळ्यांना आवडला, महिन्याभरात पाच जणांना करून दिला. आनंद झालाच, पण पाच रॅकचा कचरा एका महिन्यात, वरच्या काही तक्रारी त्याच महिन्यातल्या. तेव्हापासून मी काही केलं की फोटोबरोबर कटिंग लिस्ट टाकतो आणि खाली एक ओळ, काय उरलं. "१८ मिमी प्लाय, ४ इंच बाय २ फूटच्या ३ पट्ट्या, साग २ इंच बाय ९ इंच, ५ तुकडे." या एका ओळीने जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. बी विंगमधल्या आजोबांनी कपाटाखाली टेकू द्यायला तुकडे नेले. एका ताईंनी सागाचे पाच तुकडे नेऊन मोबाइल स्टँड केले, स्वतः, करवत माझी उसनी नेऊन. शाळेच्या प्रोजेक्टच्या सीझनला तर पुरत नाहीत.

पार्किंगमध्ये आता एक खोका ठेवलाय, जमिनीपासून वीतभर वर विटांवर, कारण जमिनीला टेकलेल्या लाकडाला पावसाळ्यात वाळवी लागते. वीतभरापेक्षा मोठा तुकडा खोक्यात, खिळे काढून, टोकं घासून. कुठल्या तुकड्याला बारीक भोकं आणि खाली टाल्कम पावडरसारखी पूड दिसली तर तो भुंगेऱ्यांचा, तो लगेच बाजूला काढा, नाहीतर दुसऱ्याच्या घरातल्या फर्निचरमध्ये जाईल. महिन्याभरात कुणी नेला नाही तो तुकडा मी परत नेतो. रंध्याच्या पट्ट्या एका ओळखीच्यांच्या गोठ्यात जातात, त्यांना मी स्पष्ट सांगून ठेवलंय की पोत्यावर 'लाकूड' लिहिलेलं नसेल तर घेऊच नका.

बोर्डचा भुसा मात्र शेवटी सुक्या कचऱ्यातच जातो, त्याला दुसरा रस्ता मला सापडलेला नाही. तो मी थोडं पाणी शिंपडून, दोन पिशव्यांत घट्ट बांधून, वर 'बोर्डचा भुसा, सोडू नका' असं लिहून ताईंच्या हातात देतो, सांगून. आधी महिन्याला चार पिशव्या व्हायच्या, आता एक छोटी होते.

सनमायकाच्या पट्ट्या अजून अडकून आहेत. विकत कुणी घेत नाही, कुजत नाहीत, कडा ब्लेडसारख्या. थोड्या मी दोन-दोन इंचाच्या कापून फेविकॉल पसरायला वापरतो, पुसल्या की परत चालतात, पण त्याला किती लागणार. बाकीच्यांची मोळी करतो, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दोन्ही टोकांना चिकटपट्टी, ताईंनी सांगितलं तसं. मागच्या आठवड्यात मोळी देताना त्यांनी ती हातात घेऊन दाबून बघितली, टोकं तपासली आणि म्हणाल्या, "अशी चालेल."